पंचशीलाची पाहणी

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण ज्यानं काढली त्याला एकदा नांदेडच्या गोदातीर विद्यापीठात आणून बसवायला पाहिजे होतं. उपाशी पाहुण्याला निदान आपल्या घरी जाऊन भाकर खाता येते. पंचशीला सोनकांबळेला तीही सोय नव्हती, कारण तिच्या अभ्यासक्रमाचं नावच दोन घरांचं होतं. 'चित्रपट आणि जागतिक तत्त्वज्ञान', दोन वर्षांचं एम. ए. चित्रपट शिकायचा एका इमारतीत, तत्त्वज्ञान दुसऱ्या इमारतीत, आणि मधे अर्धा किलोमीटर माळ. त्यावर औषधालासुद्धा झाड नाही.

हे लग्न कुणी जुळवलं ते विचारूच नका. एक मोठे साहेब आले, त्यांनी हौसेनं अभ्यासक्रम सुरू केला, फीत कापली, फोटो काढला आणि मुदत संपल्यावर निघून गेले. पहिल्या वर्षी सहा जण होते. दोघं पोलीस भरतीला गेले, एकीचं लग्न झालं, एकानं बी. एड. धरलं, आणि हिमायतनगरचा एक पोरगा तर दिवाळीला घरी गेला तो आलाच नाही. उरली एकटी पंचशीला. एका पोरीसाठी अभ्यासक्रम चालवणं विद्यापीठाला परवडेना, म्हणून ही शेवटची परीक्षा आणि यानंतर दुकान बंद, असं पत्रच निघालं. ३० एप्रिल २०१६ पर्यंत बारा मिनिटांचा चित्रपट आणि त्याच विषयावरचा निबंध, दोन्हींवर दोन्ही मार्गदर्शकांच्या सह्या घेऊन जमा करायचा. नाही केला तर पुढच्या वर्षी नापासाची परीक्षासुद्धा नाही. दोन वर्षं पाण्यात जाणार होती, आणि त्या वर्षी पाणी तरी कुठं होतं.

मार्गदर्शक दोन. चित्रपटाचे वडजे सर, तत्त्वज्ञानाच्या बिरादार मॅडम. दोघंही माणूस म्हणून चांगले, पण दोघं मिळून बेजार करायचे. सर म्हणायचे, दाखव, सांगू नको. मॅडम म्हणायच्या, दाखवलंस ते ठीक, पण तुला म्हणायचं काय आहे? सरांसाठी निबंधातलं पान कापलं की मॅडम विचारायच्या, विचार कुठं गेला. मॅडमसाठी चित्रपटात दोन वाक्यं घातली की सर कपाळाला हात लावायचे. सह्यांचं तर विचारूच नका. सर म्हणत, आधी मॅडमची सही आण, विचार त्यांच्या हद्दीतला. मॅडम म्हणत, आधी सरांची आण, चित्र त्यांच्या हद्दीतलं. पंचशीला फाईल छातीशी धरून तो माळ दिवसातून चार वेळा तुडवायची, आणि हॉस्टेलला पाणी दिवसाआड असल्यामुळं संध्याकाळी तोंडावरची धूळसुद्धा धुता यायची नाही. एकदा तर ती माळाच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही इमारतींना आलटूनपालटून शिव्या दिल्या. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

विषय मात्र तिचा स्वतःचा होता आणि तो तिला मनापासून आवडला होता. 'वाट पाहणे'. झालं असं, की जगभरच्या तत्त्वज्ञांची टिपणं काढता काढता तिच्या लक्षात आलं, की आपल्या भाषेत माणूस नुसतं पाहत नाही. तो वाट पाहतो, चव पाहतो, करून पाहतो, वेळ पाहतो, मुलगी पाहतो. ग्रीकांनी पाहण्यावर काय म्हटलंय, चिन्यांनी काय म्हटलंय हे तिनं घोटून पाठ केलंच होतं, पण लहानपणापासून विहारात कानावर पडलेलं एक होतं, की कुणी सांगतं म्हणून मानू नको, ये आणि स्वतः पाहा. तिथून तिनं निबंध सुरू केला. मॅडमना तो चांगला वाटला. सर म्हणाले, शब्दकोश छान आहे, आता चित्र आण. माणूस खरोखर वाट पाहताना कसा दिसतो ते दाखव. एकच चित्र, कॅमेरा हलवायचा नाही, कुणाला काही करायला लावायचं नाही.

बोलायला काय जातं. पंचशीलानं आधी नांदेडच्या बसस्टँडवर कॅमेरा लावला. सर म्हणाले, बसस्टँड कुणीही काढतं. मग ती लातूरला गेली. लातूरला त्या दिवसांत रेल्वेनं पाणी यायचं, आणि टाकीपाशी पाचाहून जास्त माणसांनी जमायचं नाही असा हुकूम होता. तिनं रांगेसमोर कॅमेरा लावला, तर पाच मिनिटांत हवालदार आला. परवानगीचं पत्र दाखवलं, तर त्यावर एकाच खात्याची सही. त्यानं भिंगावर हात ठेवला आणि ती पत्रावरून वाद घालत बसली. हॉस्टेलवर येऊन बघते तर बारा मिनिटांतली अकरा मिनिटं हवालदाराचा तळहात. मॅडम म्हणाल्या, हा तळहात म्हणजे सत्ता, यावर मी सही करते. सर म्हणाले, हा तळहात म्हणजे तळहात आहे, मी करत नाही.

त्या दिवशी पंचशीलानं हात टेकले. दहा दिवस उरले होते. आता एकच जागा होती, जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत होती आणि जिथं तिला कुणी परवानगी विचारणार नव्हतं. ती म्हणजे तिचं स्वतःचं गाव, उदगीर तालुक्यातली कौळवाडी. तिथं तीन दिवसांतून एकदा टँकर यायचा.

तिनं बापाला फोन लावला. मारोती सोनकांबळे ग्रामपंचायतीचा शिपाई. गावात दवंडी द्यायची झाली, सरपंचाचा निरोप न्यायचा झाला, साहेब आला तर खुर्च्या मांडायच्या झाल्या, की मारोती. महिनोन्‌महिने पाहणे, पाहणे, पाहणे हेच डोक्यात घोळत असलेली पंचशीला, तिच्या तोंडातून घाईत निघून गेलं, "बाबा, सरपंचअप्पांना सांगून ठेवा, बुधवारी मी पाहणीला येऊन राहिले."

म्हणायचं होतं शूटिंगला. म्हणाली पाहणीला. झालं.

आता दुष्काळातल्या गावात 'पाहणी' हा शब्द उच्चारणं म्हणजे काय, हे नांदेडला बसून नाही कळत. त्या वर्षभरात कौळवाडीत तीन पाहणी पथकं येऊन गेली होती. एक दिल्लीहून, एक जिल्ह्याहून, आणि एक कुठून आलं ते शेवटपर्यंत समजलं नाही. गाव पाहणीत तयार झालं होतं. कोणत्या शेताच्या भेगा जास्त रुंद, कोणत्या विहिरीत पोहरा सोडला की जास्त पोकळ आवाज येतो, कोणती म्हातारी गाडीचं दार उघडल्याबरोबर रडते, सगळं ठरलेलं होतं. त्यात मारोतीनं सरपंचाला सांगितलं, की माझी पोरगी विद्यापीठाकडून पाहणीला येऊन राहिली. सरपंच मन्मथअप्पा लगेच कामाला लागले. विद्यापीठ म्हणजे सरकारच की.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण उदगीर जिल्हा होणार, ही आवई त्या वर्षी जोरात होती. २६ जानेवारीला होणार होता तो झाला नाही, आता एक मेला होणार म्हणत होते. सोसायटीचे चेअरमन शेषेराव हे जिल्हा कृती समितीचे. त्यांनी वेशीवर 'नियोजित उदगीर जिल्ह्यात आपले स्वागत' असा फलक लावून टाकला होता. त्यांचं म्हणणं पडलं, ही दुष्काळाची पाहणी नव्हेच. दुष्काळाच्या पाहणीला विद्यापीठ कशाला येईल. ही नव्या जिल्ह्याची पाहणी. तालुक्यातली गावं जिल्ह्याच्या लायकीची आहेत का ते बघायला शिकलेली माणसं पाठवून राहिलेत. म्हणजे गाव सुधारलेलं दिसलं पाहिजे.

बुधवारी पंचशीला नांदेडहून पहाटेच्या एसटीनं उदगीरला आणि तिथून काळीपिवळीनं कौळवाडीला उतरली, पाठीवर कॅमेरा, खांद्यावर स्टँड. आणि जागच्या जागी थिजली. रस्त्याच्या डाव्या अंगाला शेषेरावांचं गाव होतं. झाडांच्या बुडख्यांना चुना, शाळेपुढं रांगोळी, पोरं पांढऱ्या टोप्या घालून ओळीत. उजव्या अंगाला मन्मथअप्पांचं गाव होतं. टँकर थांबायचा त्या कडुलिंबाखाली रिकाम्या घागरींची लांबच लांब रांग, मधे मुद्दाम आडवी पाडलेली दोन पिंपं, आणि पुढच्या अंगाला ती रडणारी म्हातारी, केवळाबाई, पदर डोळ्याला लावून तयार. एकच गाव, रस्त्याच्या एका बाजूनं गब्बर आणि दुसऱ्या बाजूनं उजाड. तिला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर तिला दोन्ही करायचं नव्हतं. तिला नुसतं किंचाळायचं होतं.

तिनं समजावलं. आधी शांतपणे, मग कमी शांतपणे. ही पाहणी नाही, परीक्षा आहे. माझी. मी सरकार नाही, मी मारोतीची पंचशीला. शेषेराव म्हणाले, परीक्षा असली तर मग गाव पास झालंच पाहिजे. मन्मथअप्पा म्हणाले, मॅडम, तुम्ही फक्त बघा, दाखवायचं आमच्याकडं लागलं. ज्या माणसानं तिला उघड्या पायानं शाळेत जाताना बघितलं तो तिला मॅडम म्हणत होता. तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि ठरवलं, की आता कुणाशी वाद नाही. चुना गेला खड्ड्यात. आपल्याला फक्त लिंब आणि रांग पाहिजे.

लिंबासमोर तिनं स्टँड रोवला. रांग अप्पांनी आखली होती, आणि ती बघून पंचशीलाला क्षणभर नवलच वाटलं. सगळ्यात पुढं, केवळाबाईच्याही पुढं, भीमनगरच्या पाच बाया होत्या. भीमनगर म्हणजे गावाच्या खालच्या अंगाची बौद्ध वस्ती, पंचशीलाचं घर तिथंच. आणि त्या पाचांत पहिली तिची माय, चांगुणा. जयंतीला घेतलेलं नवं निळं पातळ नेसलेली, दोन घासलेल्या घागरी पुढ्यात. मागच्या पथकातल्या एका साहेबानं विचारलं होतं म्हणे, मागासवर्गीय वस्तीला पाणी मिळतं का. म्हणून पुढच्या पाहणीला भीमनगर पुढं, असं अप्पांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पंचशीलाच्या डोक्यात हे गेलं आणि तसंच निघूनही गेलं. तिला त्या वेळी दुसराच ताप होता.

ताप असा, की कॅमेरा सुरू केला की केवळाबाई रडायची. नुसती नाही, सूर लावून. पंचशीला कॅमेरा बंद करून तिच्याजवळ गेली.

"मावशी, रडू नका."

"मग काय करू?"

"रोज जे करता ते."

"रोज काय करतो बाई. वाट बघतो."

"मग तेच करा."

केवळाबाईनं तिच्याकडं खूप वेळ बघितलं. "त्यात बघण्यासारखं काय हाय? पाहणीवाले एवढं तेल जाळून येतात, त्यांना काही तरी दाखवावं लागतं."

बिरादार मॅडम इथं असत्या तर त्यांनी वही काढली असती. पंचशीलाला मात्र ताव आला. ती परत कॅमेऱ्यामागं गेली. आता केवळाबाई रडेना, पण रांगेतली मल्लम्मा कॅमेऱ्याकडं टक लावून बघायला लागली. तिला सांगितलं तर ती लाजून हसायला लागली, आणि कानडीत यव्वा यव्वा करत तिनं अख्खी रांग हसवली. हसू थांबलं तर अप्पांनी मधे येऊन एक पिंप परत आडवं पाडलं. तिकडून शेषेरावांनी टोपीवाली पोरं लिंबामागं आणून उभी केली, सुधारणा पण दिसू द्या म्हणून. साडेअकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. कॅमेऱ्याची बॅटरी निम्मी झाली. टँकर बाराच्या सुमाराला यायचा, आणि पुढचा टँकर शनिवारी, म्हणजे बरोबर ३० तारखेला. आजचा हातचा गेला की एम. ए. गेलं. एवढं सोपं गणित होतं आणि ते या गावात कुणाला कळत नव्हतं.

पंचशीलाचा तोल गेला. माळाच्या मधोमध उभं राहून इमारतींवर ओरडली होती तशीच ती आज रांगेवर ओरडली, फक्त आज ऐकायला सगळं गाव होतं. ती म्हणाली, मला तुमचं रडणं नको, हसणं नको, चुना नको, पिंपं नको. मी आलेच नाही असं समजा. आज पाहणी नाही, उद्या नाही, कधीच नाही. "रोज जसं उभं राहता तसं उभं राहा. एवढं एकच मागते."

मन्मथअप्पांनी टोपी काढून परत घातली.

"रोजच्यासारखं?" त्यांनी विचारलं.

"रोजच्यासारखं."

"बघ बरं."

"अप्पा, रोजच्यासारखं म्हणजे रोजच्यासारखं."

अप्पा बाजूला झाले. आणि रांग हलली. कुणी कुणाला काही बोललं नाही. चांगुणानं वाकून दोन्ही घागरी उचलल्या, एक कमरेवर, एक हातात, आणि ती रांगेतून बाहेर पडली. तिच्या मागं भीमनगरच्या चारही बाया निघाल्या. लिंबाच्या सावलीतून त्या उन्हात आल्या, कॅमेऱ्यासमोरून आडव्या गेल्या आणि पंधरावीस पावलांवर जनावरांच्या कोरड्या हौदापाशी घागरी ठेवून बसल्या. लिंबाखाली मागच्या बायांनी पुढं सरकून मोकळी झालेली जागा भरून काढली. केवळाबाई पहिली झाली. मिनिटभरात सगळं जागच्या जागी बसलं, आणि आता कुणी रडत नव्हतं, हसत नव्हतं, कुणी कॅमेऱ्याकडं बघत नव्हतं. सगळ्या अगदी रोजच्यासारख्या वाट बघत होत्या.

पंचशीलाला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. याच हौदापाशी ती लहानपणी मायच्या पदराआड बसली होती. लिंबाखालच्या घागरी भरून झाल्या की मग इकडच्या, हे गावात कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. पण नांदेडला सहा वर्षं काढली, जगभरचे तत्त्वज्ञ डोक्यात भरले, पाहण्यावर तीस पानं लिहिली, आणि 'रोजच्यासारखं' म्हणजे काय हेच तिच्या लक्षातून गेलं. पाहणीसाठी का होईना, तिची माय आज सावलीत पहिली उभी होती. तिला तिथून उठवलं ते अप्पांनी नाही, शेषेरावांनी नाही. पोटच्या पोरीनं ओरडून उठवलं.

ती हौदाकडं धावली. म्हणाली, माय, चल पुढं, तू आधी होतीस तिथंच उभी राहा. चांगुणानं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "तूच म्हणलीस ना रोजच्यासारखं. मी इथंच असते. त्या मशिनीत येते का मी इथून?"

येत नव्हती. स्टँड जिथं रोवला होता तिथून लिंब यायचा, रांग यायची आणि हौद बाहेर राहायचा.

तेवढ्यात मन्मथअप्पा जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, पोरी, हे असं काढत नसतात. मघाचं चित्र चांगलं होतं, तुझ्या मायला पुढं उभं केलं होतं की मी. तेच घे. तुझंही काम होईल, गावाचंही नाव राहील. पंचशीलाला त्यांचा संताप आला. आणि त्याहून जास्त संताप आला तो स्वतःचा, कारण अप्पांच्या चित्रात तिची माय सुखी दिसत होती आणि तिच्या चित्रात नव्हती. बाप जवळच उभा होता, शिपायाची टोपी हातात घेऊन. तो अप्पांकडं न बघता एवढंच म्हणाला, की तिचं शिक्षण हाय अप्पा, तिला करू द्या.

वेशीकडून टँकरचा हॉर्न आला.

पंचशीलानं स्टँड उपटला आणि ती मागं गेली. दहा पावलं गेली, वाकून बघितलं, हौद येईना. अजून दहा गेली. रस्ता ओलांडला, शेषेरावांच्या रांगोळीवर पाय पडला तिकडं लक्ष दिलं नाही. शाळेच्या भिंतीला पाठ टेकली तेव्हा लिंब, रांग, मधली मोकळी जागा आणि हौद असं सगळं एकात मावलं. माणसं बोटाएवढी दिसत होती. कॅमेरा सुरू केला आणि हात काढून घेतला.

टँकर आला, लिंबाखाली उभा राहिला. केवळाबाईपासून घागरी भरायला सुरुवात झाली. पंचशीला पुढची पंचेचाळीस मिनिटं भिंतीला टेकून उभी होती. भीमनगरच्या पाची जणी उठल्या नाहीत की बोलल्या नाहीत. चांगुणानं एकदा घागरीत हात घालून बघितला, रिकामीच होती, आणि परत बसली. लिंबाखालची शेवटची बाई गेल्यावर त्या उठल्या. तोवर पाईपाची धार बारीक झाली होती. चांगुणाची एक घागर भरली, दुसरी निम्मी झाली आणि तेही गढूळ. मग ड्रायव्हरनं टाकीवर थाप मारून दाखवली, संपलं म्हणून.

शनिवारी वडजे सर आणि बिरादार मॅडम दोन वर्षांत पहिल्यांदा एका खोलीत बसले. खिडक्यांना चादरी लावल्या. पंचशीलानं पंचेचाळीस मिनिटांतली सलग बारा निवडली होती, निवड एवढीच, कापाकापी नाही. चित्र संपलं. सरांनी खिशातून पेन काढलं आणि मॅडमची सही झाली का हे न विचारता सही ठोकली. मॅडमनी त्यांच्याच हातातून पेन घेतलं आणि शेजारी सही केली. दोन वर्षं तुडवलेला माळ दोन मिनिटांत संपला. सर म्हणाले, इतकं लांबून घेण्याची हिंमत भल्याभल्यांना होत नाही. मॅडम म्हणाल्या, यात म्हणायचं काय ते विचारायची गरज नाही. तू काहीच केलं नाहीस, फक्त पाहिलंस, आणि तेच अवघड असतं.

"मॅडम, मी केलंय," पंचशीला म्हणाली. "त्या आधी पुढं होत्या. मी ओरडून मागं पाठवलं. ती निळ्या पातळातली माझी माय आहे."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, हे निबंधात घाल, फार मोलाचं आहे. सर म्हणाले, घालू नको, चित्रात आलंय तेवढं पुरे. आणि दोघांचं तिथंच जुंपलं. पंचशीलानं फाईल उचलली आणि ती बाहेर आली. तिला वाटत होतं की ही फाईल फेकून द्यावी, आणि तिला हेही माहीत होतं की ती फेकणार नाही. पाचच्या आत तिनं ती जमा केली, पावती घेतली, पर्समध्ये ठेवली आणि कार्यालयाच्या पायरीवर बसून घरी फोन लावला. फोन मायनंच उचलला.

"झाल्या का सह्या?"

"झाल्या. दोघांच्या."

"मग रडून काहून राहिलीस?"

पंचशीलानं सगळं सांगितलं. मीच तुला उठवलं, मला कळायला पाहिजे होतं, मी सहा वर्षांत सगळं विसरले, माझं चुकलं. मायनं सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई गं," चांगुणा म्हणाली. "मागं बसायचं काय, ते रोजचंच हाय, आन्‌ पास झालीस ते लई चांगलं झालं. फक्त जरा दम धरायचा होतास, बाई. टँकर येऊन गेल्यावर म्हणली असतीस, तर एक डाव तरी माझी घागर पहिली भरली असती."